गाजरगवतावरचा मेक्सिकन भुंगा: तो काय करतो, कधी करतो आणि कुठे अडतो

गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगे त्या गवतावर आणून सोडले, पण काहीच झाले नाही, अशी तक्रार गावोगाव ऐकू येते. उलट एखाद्या माळावर कोणीही भुंगा सोडलेला नसतो आणि तिथे भाद्रपदात गाजरगवताच्या नुसत्या काड्या उभ्या दिसतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. कारण भुंगा म्हणजे फवारले की काम करणारे औषध नाही. तो जिवंत कीटक आहे, त्याची संख्या वाढायला महिने लागतात आणि त्यासाठी ठराविक हवा, मऊ माती आणि न मोडलेली जागा लागते. या गोष्टी समजून भुंगे सोडले तर ते टिकतात. नुसते डब्यातून उलटे करून दिले तर बहुतेक वेळा मुंग्यांचे खाद्य होतात.

गवताची ताकद कशात आहे

गाजरगवत मूळचे मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या उष्ण अमेरिकेतले. भारतात त्याच्याकडे लक्ष गेले ते १९५५ मध्ये पुण्यात. परदेशातून आयात केलेल्या धान्याबरोबर त्याचे बी पसरले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज काश्मीरपासून तामिळनाडूपर्यंत ते नाही असा जिल्हा शोधावा लागेल.

हे झाड सूर्यफुलाच्या कुळातले. आधी पाने जमिनीलगत चक्राकार पसरतात, मग मधून खोड वर येते आणि उगवणीनंतर साधारण ४ ते ६ आठवड्यांत फुले दिसू लागतात. प्रत्येक पांढऱ्या बोंडात बहुधा ५ बिया असतात, पण बोंडेच हजारोंनी असतात. म्हणून एका झाडापासून ५,००० ते २५,००० बिया सहज तयार होतात. बी हलके, वाऱ्याने, पाण्याने, शेणखतातून आणि ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातून जाते. मातीत गाडले गेलेले बी काही वर्षे जिवंत राहते. ओल मिळाली की कोणत्याही ऋतूत उगवते.

त्यातले पार्थेनिन हे द्रव्य अंगावर खाज, पुरळ आणि त्वचेचा जुनाट दाह निर्माण करते. परागकणांनी शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो. जनावरे शक्यतो तोंड लावत नाहीत. चाऱ्यात मिसळून पोटात गेलेच तर दुधाला कडवटपणा येतो.

मेक्सिकोत मात्र हेच झाड एवढे माजत नाही. तिथे त्याची पाने खाणारे, खोड पोखरणारे, फुलातले बी खाणारे कीटक आहेत, त्याच्यावर पडणारे तांबेऱ्यासारखे रोग आहेत. आपल्याकडे झाड आले, त्याचे शत्रू मागेच राहिले. जैविक नियंत्रणाची सगळी कल्पना या एका वाक्यावर उभी आहे: मागे राहिलेल्या शत्रूंपैकी जो फक्त हेच झाड खातो, तो शोधून आणायचा.

"फक्त हेच झाड खातो" हे कसे ठरवतात

परदेशी कीटक आणणे ही शासनाच्या परवानगीने आणि बंदिस्त प्रयोगशाळेतच करायची गोष्ट आहे. आणलेला कीटक आधी विलगीकरणात ठेवतात आणि त्याच्यापुढे एकेक झाड ठेवून पाहतात. सुरुवात तणाच्या जवळच्या नातेवाइकांपासून करतात. गाजरगवताच्या बाबतीत म्हणजे सूर्यफूल, करडई, कारळे, शेवंती, झेंडू. मग दूरची पिके. एका चाचणीत कीटकाला तण आणि पीक दोन्ही देतात. दुसऱ्या चाचणीत फक्त पीक देतात आणि उपाशी ठेवले तरी तो खातो का, अंडी घालतो का, अळी मोठी होऊन तिचा भुंगा होतो का, हे पाहतात. पान थोडे कुरतडणे वेगळे आणि त्या झाडावर पुढची पिढी उभी राहणे वेगळे. खरा धोका दुसऱ्या गोष्टीत असतो.

ही चाळणी किती गरजेची आहे याचे उत्तम उदाहरण गाजरगवताचेच आहे. खोडात गाठी करणारा एक पतंग, एपिब्लेमा स्ट्रेनुआना, ऑस्ट्रेलियात गाजरगवतावर यशस्वी झाला होता. १९८० च्या दशकात तो भारतातही चाचणीसाठी आणला गेला. बंदिस्त चाचणीत त्याने कारळ्याच्या झाडावर आपले पूर्ण जीवनचक्र उरकले. ऑस्ट्रेलियात कारळे हे महत्त्वाचे पीक नाही. आपल्याकडे नाशिक, ठाणे, पालघरच्या डोंगरपट्ट्यात ते आदिवासी शेतकऱ्यांचे तेलबियांचे पीक आहे. त्यामुळे तो पतंग बाहेर सोडलाच नाही, आणलेले सगळे कीटक नष्ट करण्यात आले. एका देशात निर्धोक असलेला कीटक दुसऱ्या देशात निर्धोक असेलच असे नाही, ही बाब ज्यांना "अमुक देशातून तमुक किडा आणा" असे वाटते त्यांनी जरूर लक्षात घ्यावी.

या चाळणीतून पार झाला तो झायगोग्रामा बायकोलोराटा, म्हणजेच आपला मेक्सिकन भुंगा. १९८३ मध्ये तो मेक्सिकोतून बेंगळुरूला आणला गेला आणि चाचण्यांनंतर १९८४ मध्ये शेतात सोडला गेला. पहिली काही वर्षे विशेष काही दिसले नाही. मग बेंगळुरूच्या आसपास एकाएकी त्याची संख्या वाढली आणि गाजरगवताची पाने फस्त होऊ लागली.

लगेच वादही झाला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कर्नाटकात सूर्यफुलाच्या पानांवर हे भुंगे खाताना आढळले. शेतकरी घाबरले, भुंगे सोडण्याचे काम थांबवण्यात आले, चौकशी समिती नेमली गेली. तपासात दिसले ते असे: शेताच्या कडेला गाजरगवत भरपूर फुललेले, त्याचे परागकण वाऱ्याने उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसलेले, आणि त्या परागकणांच्या वासा-चवीमुळे भुंगे ती पाने कुरतडत होते. परागकण नसलेल्या सूर्यफुलावर ते टिकत नव्हते आणि सूर्यफुलावर त्यांची पिढी वाढत नव्हती. त्यानंतर भुंग्याचा प्रसार पुन्हा सुरू झाला. आजही गाजरगवत संपल्यावर काही भुंगे गोखरूच्या (लांडग्याच्या) झाडांवर दिसतात. ते तणच आहे, त्याची चिंता नको. सूर्यफुलाच्या अगदी बांधाला लागून मात्र भुंगे सोडू नयेत. नुकसानीपेक्षा शेजाऱ्याशी होणारा वाद टळतो.

भुंग्याचे वर्ष

भुंगा साधारण ६ मिलिमीटर लांब, घुमटासारखा गोल पाठीचा. पंख मळकट पांढरे, त्यावर काळपट तपकिरी वळणावळणाच्या उभ्या रेघा. डोके तपकिरी. वांग्यावर किंवा दुधीवर दिसणारा ठिपक्याठिपक्यांचा भुंगा हा नव्हे. तो पिकाची कीड आहे. ठिपके असतील तर घेऊ नका, रेघा असतील तर ठेवा.

मादी पानांच्या खालच्या बाजूला, कळ्यांवर आणि कोवळ्या खोडावर पिवळी, लांबट अंडी एकेकटी किंवा लहान पुंजक्यांत घालते. ४ ते ६ दिवसांत अंडे उबते. लहान अळी सरळ शेंड्याच्या कळीत शिरते. ही जागा झाडासाठी सर्वांत नाजूक: शेंडा आणि बगलेतल्या कळ्या खाल्ल्या की झाड उंच होत नाही आणि फुले कमी लागतात. मोठी अळी पाने खाते. १० ते १५ दिवसांत तिची वाढ पूर्ण होते, मग ती झाडावरून उतरते, मातीत घुसते आणि कोषात जाते. कोषाची अवस्था ८ ते १२ दिवसांची. अंड्यापासून भुंग्यापर्यंत एकूण साधारण २२ ते ३३ दिवस. म्हणजे पावसाळ्यात महिन्याला एक पिढी.

महाराष्ट्रात भुंग्याचा हंगाम पाऊस ठरवतो. मृगाच्या चांगल्या सरी होऊन माती भिजली की जमिनीत झोपलेले भुंगे वर येतात. जुलैत अंडी दिसतात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संख्या सर्वांत जास्त. ऑक्टोबरपासून गवत निबर होऊ लागते, रात्री गार होतात, आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत बहुतेक भुंगे मातीत काही सेंटीमीटर खोल जाऊन सुप्तावस्थेत बसतात. पुढच्या जूनपर्यंत ते तसेच. साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि दमट हवा त्याला सर्वांत मानवते. उन्हाळ्यात पाण्याच्या पाटावर हिरवेगार गाजरगवत असले तरी भुंगा ते खायला येणार नाही.

या वेळापत्रकात दोन मोठी भोके आहेत. वळवाच्या पावसावर मे महिन्यात उगवलेले गवत भुंग्यांची संख्या वाढण्याआधीच फुलावर येते. आणि बागायती पट्ट्यात, म्हणजे उसाच्या बांधावर, कालव्याच्या काठावर, फळबागेच्या आळ्यात, हिवाळ्यात उगवणारे गवत भुंगा झोपलेला असताना निर्धास्त वाढते. भुंगा "अपयशी ठरला" असे जे म्हटले जाते, त्यातला मोठा भाग या दोन भोकांचा असतो.

पाचशे भुंग्यांचे गणित

आता आकडे मांडून पाहू. हे उदाहरण आहे, प्रत्यक्ष शेतात आकडे बदलतील, पण चित्र स्पष्ट होते.

१ जुलैला ५०० भुंगे सोडले. निम्म्या माद्या धरल्या तर २५०. मादी आयुष्यभरात यापेक्षा कितीतरी जास्त अंडी घालू शकते, तरी पहिल्या महिन्यात प्रत्येकी ४०० धरू. झाली १ लाख अंडी. पावसाने धुऊन जाणारी, मुंग्यांनी नेलेली, कोळी आणि शिकारी ढेकणांनी खाल्लेल्या अळ्या, चिखलात मेलेले कोष हे सगळे वजा जाता १०० मागे ३ भुंगे हाती आले असे धरू. म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला ३,००० भुंगे. त्याच गतीने सप्टेंबरच्या सुरुवातीला १८,००० आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला १ लाखाच्या वर.

दुसरी बाजू गवताची. दाट पट्ट्यात चौरस मीटरला ५० झाडे धरली तर एका गुंठ्यात, म्हणजे साधारण १०१ चौरस मीटरमध्ये, ५,००० झाडे होतात. एकरात २ लाख. पहिल्या महिन्यात ५०० भुंग्यांपुढे एका गुंठ्यातलेच प्रत्येकी १० झाडांचे ताट आहे. एकराकडे बघितले तर भुंगा कुठे आहे ते शोधूनही दिसणार नाही. झाडांच्या बरोबरीला येण्याइतकी संख्या होईपर्यंत हंगाम संपतो आणि भुंगे मातीत जातात.

म्हणून पहिल्या वर्षी "काहीच झाले नाही" हे अगदी अपेक्षित आहे. पहिल्या वर्षाचे खरे पीक म्हणजे डिसेंबरमध्ये त्या जमिनीत झोपलेले हजारो भुंगे. त्यांतले जेवढे पुढच्या जूनमध्ये वर येतील तेवढी दुसऱ्या वर्षाची सुरुवात ५०० ऐवजी मोठ्या आकड्यापासून होईल, आणि मग ऑगस्टमध्येच काड्या दिसू लागतील. जो माणूस नोव्हेंबरमध्ये निराश होऊन ती जागा नांगरतो, तो नेमकी हीच ठेव मोडतो.

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते. ५०० भुंगे दहा ठिकाणी ५०-५० वाटून सोडले तर नर-मादी एकमेकांना सापडणे अवघड होते आणि प्रत्येक ठिकाणी मुंग्या-कोळी पुरून उरतात. एकाच दाट, सावलीच्या कडेच्या, न हलवल्या जाणाऱ्या पट्ट्यात सगळे सोडा. एका जागी किमान ५०० ते १,००० भुंगे हे लक्ष्य ठेवा. तिथून ते आपोआप उडून पसरतात.

भुंगे कुठून आणायचे, कसे सोडायचे

कृषी विद्यापीठांच्या जैविक कीड नियंत्रण प्रयोगशाळांकडे आणि काही कृषी विज्ञान केंद्रांकडे भुंगे मिळू शकतात. मागणी जूनमध्येच नोंदवावी, कारण ऑगस्टमध्ये सगळेच मागतात. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयाचा गाजरगवत जागृती सप्ताहही दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टला असतो आणि बहुतेकांना भुंग्यांची आठवण तेव्हा होते. सोडण्यासाठी ती वेळ उशिराची आहे. जुलैचा पहिला पंधरवडा उत्तम.

प्रयोगशाळेपेक्षा सोपा आणि फुकटचा मार्ग म्हणजे जिथे भुंगे आधीच आहेत तिथून वेचून आणणे. पाने चाळणीसारखी झालेला पट्टा शोधा. सकाळी लवकर जा, भुंगे तेव्हा मंद असतात. झाड हलले की भुंगा खाली पडतो, म्हणून फांदीखाली रुंद तोंडाचा डबा धरून फांदी हलकेच झटका. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडावर रुमाल हवाच. ज्यांना गाजरगवताची खाज किंवा दमा आहे त्यांनी हे काम करू नये. एकदा सुरू झालेली ही अॅलर्जी आयुष्यभर सतावते.

नेण्यासाठी झाकणाला बारीक भोके पाडलेले प्लास्टिकचे डबे घ्या. एका लिटरभर डब्यात १०० पर्यंत भुंगे आणि गाजरगवताचे दोन-तीन ताजे शेंडे. पाने ओली नकोत. डब्यात पाणी साचले की भुंगे बुडून मरतात. डबा उन्हात किंवा बंद गाडीच्या काचेमागे ठेवू नका. त्याच दिवशी सोडणे चांगले, नाहीतर पाने रोज बदला.

सोडायचे ते सायंकाळी, पाऊस नसताना, फुलाला न आलेल्या किंवा नुकत्या कळ्या धरलेल्या हिरव्यागार झाडांवर. डबा आडवा करून झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि त्यांना आपणहून चढू द्या. जवळ मुंग्यांचे वारूळ असेल तर जागा बदला. निबर, पिवळ्या, फुलांनी भरलेल्या झाडांवर सोडले तर मादी अंडी घालायला कोवळी पाने शोधत दूर उडते.

मच्छरदाणीत वाढवणे

थोडेच भुंगे मिळाले तर त्यांना आधी वाढवावे. जूनच्या अखेरीस गाजरगवताची दाट कोवळी झाडे असलेला एखाद्या खाटेएवढा तुकडा निवडा. पाणी साचत नाही, माती भुसभुशीत आहे, वारूळ नाही अशी जागा. त्यावर साधी मच्छरदाणी चार काठ्यांना बांधा आणि तिचे काठ १० सेंटीमीटर मातीत दाबा. आत कोळी, ढेकूण, सरडा राहिला असेल तर आधी काढा. मग २० जोड्या सोडा.

दोन आठवड्यांत शेंड्यांत अळ्या दिसतात. इथे एक चूक हमखास होते: अळ्या मोठ्या होण्याआधीच आतली झाडे संपतात आणि अळ्या उपाशी मरतात. रोज पाहा. पाने निम्मी संपली की बाहेरून कोवळे शेंडे खुडून, देठ पाण्याच्या बाटलीत घालून आत ठेवा. बाटलीचे तोंड कापसाने बंद करा, नाहीतर अळ्या पाण्यात पडतात. फुले दिसली तर खुडा, बी पडू देऊ नका.

अळ्या दिसेनाशा झाल्या की त्या मातीत गेल्या आहेत. त्या दिवसापासून दोन आठवडे तिथे पाय देऊ नका, खुरपू नका, पाणी तुंबू देऊ नका. माती कोरडी पडली तर हलके शिंपण करा. नवे भुंगे जाळीवर चढलेले दिसले की वेचून बाहेरच्या पट्ट्यात न्या, २० जोड्या पुन्हा आत ठेवा.

काही भुंगे पुढच्या वर्षासाठी राखायचे असतील तर ऑक्टोबर अखेरीस एका खोल कुंडीत १५-२० सेंटीमीटर वाळूमिश्रित माती भरा, वर गाजरगवताचे शेंडे आणि भुंगे ठेवा, तोंडाला जाळी बांधा. ते हळूहळू आत जातात. कुंडी सावलीत ठेवा, माती किंचित ओलसर, चिखल अजिबात नाही. जूनमध्ये पाणी शिंपडले की जगलेले वर येतात.

बिघडते कुठे

मशागत होणाऱ्या शेतात भुंगा टिकत नाही. कोष आणि सुप्त भुंगे दोन्ही मातीच्या वरच्या थरात असतात. नांगर, रोटाव्हेटर, कोळपे त्यांना उघडे पाडते किंवा चिरडते. म्हणून उभ्या पिकात भुंगे सोडण्यात अर्थ नाही. त्यांची जागा गायरान, पडीक माळ, रस्ता आणि रेल्वेची कड, कालव्याचा उतार, शाळा-वसाहतीची मोकळी जागा, दवाखान्याचे आवार.

कीटकनाशकाचा उडता तुषार हा दुसरा मारेकरी. शेजारच्या सोयाबीन-कपाशीवर फवारणी झाली की बांधावरचे भुंगे आणि अळ्या जातात. निवडलेला पट्टा फवारणीच्या शेतापासून शक्य तेवढा दूर हवा.

पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत कोष कुजतात. अगदी टणक मुरमाड, रोलर फिरवलेल्या जागेत अळीला आत शिरता येत नाही, ती उघड्यावर मुंग्यांना सापडते.

आणि चौथे कारण आपल्या चांगल्या हेतूतून येते. श्रमदानात गाव सगळे गाजरगवत उपटून जाळते. ऑगस्टमध्ये झाडावर अंडी-अळ्या भरलेल्या असतात, त्या झाडाबरोबर जळतात. उरलेल्या बियांतून गवत पंधरा दिवसांत पुन्हा येते, भुंगे येत नाहीत. श्रमदान जरूर करा, पण भुंग्यांचा पट्टा दोरी बांधून वेगळा ठेवा आणि तिथे काय चालले आहे याची पाटी लावा. नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे गवत कापणारे लोक ती पाटी पाहूनच थांबतील.

जिथे भुंगा पोहोचत नाही तिथे हात

मे-जूनमध्ये पहिल्या पावसावर उगवलेले आणि हिवाळ्यात बागायतीत उगवलेले गवत हाताने काढायचे. जमीन ओली असताना, फुले येण्याआधी, मुळासकट. फुललेले झाड उपटले तर बी तिथेच झडते आणि परागकण नाकात जातात. फुलापूर्वीचे गवत खड्ड्यात शेण आणि मातीचे थर देऊन कुजवले तर चांगले कंपोस्ट होते. फुललेले कधीही घालू नये.

भुंग्यांनी काड्या केलेल्या झाडांनाही सप्टेंबरच्या पावसात पुन्हा फुटवे येतात. अळ्या मातीत गेल्यावर अशी झाडे जमीन फार न हलवता कोयत्याने बुंध्याशी कापली तर उरलीसुरली फुलेही जातात.

मोकळ्या झालेल्या जागेत दुसरे काहीतरी दाट उगवले पाहिजे. टाकळा, विदर्भात ज्याला तरोटा म्हणतात, तो यासाठी उत्तम आहे. हिवाळ्यात त्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा करा आणि एप्रिल-मे महिन्यात बी गाजरगवताच्या पट्ट्यात फेका. पहिल्या पावसावर तो झपाट्याने उगवतो, जमीन झाकतो आणि गाजरगवताच्या रोपांना ऊन मिळू देत नाही. भुंगा टाकळा खात नाही, त्यामुळे दोघे एकमेकांना पूरक ठरतात: एक गवताची पाने संपवतो, दुसरा त्याची जागा घेतो. मात्र टाकळ्याचा पट्टा भुंग्यांच्या सोडलेल्या जागेच्या कडेकडेने वाढवत न्यावा. पहिल्याच वर्षी मधोमध पेरला तर भुंग्यांना पुरेसे खाद्य उरत नाही.

परिणाम होतो की नाही, हे नजरेच्या अंदाजाने ठरवू नका. पट्ट्यात एक मीटर बाय एक मीटरचे तीन चौकोन खुंट्या ठोकून आखा. जुलै ते ऑक्टोबर दर १५ दिवसांनी त्यांतली झाडे, भुंगे, अळ्या आणि फुललेली झाडे मोजून वहीत लिहा. सर्वांत महत्त्वाचा आकडा फुललेल्या झाडांचा. गवत दिसते तेवढेच आहे पण फुलणारी झाडे निम्म्यावर आली, तर जमिनीतली बियांची भर थांबू लागली आहे आणि काम योग्य मार्गावर आहे. तिसऱ्या वर्षाच्या ऑगस्टमध्येही भुंगे तुरळकच असतील तर जागा बदलावी.

बाकीच्या तणांचे काय

तण संपवण्यासाठी कीटक वापरण्याचा भारताचा अनुभव जगात सर्वांत जुन्यांपैकी आहे. १७९५ मध्ये तांबड्या रंगासाठी ब्राझीलमधून आणलेला कोचिनील किडा चुकीच्या जातीचा निघाला. रंग चांगला मिळाला नाही, पण निवडुंगाची एक जात त्याने साफ केली. ते पाहून १८३६ नंतर तो मुद्दाम दक्षिण भारतात नेण्यात आला. १९२६ मध्ये आणलेल्या दुसऱ्या कोचिनीलने फड्या निवडुंगाचे दख्खन आणि दक्षिणेतले रान मोडले.

घाणेरीवर (टणटणीवर) मात्र १९२१ पासून एकामागून एक कीटक सोडूनही ती हटलेली नाही. घाणेरी म्हणजे अनेक संकरित वाणांची सरमिसळ आहे, एका वाणावर पोसणारा कीटक दुसऱ्यावर उपाशी राहतो. शिवाय पाने गेली तरी तिच्या लाकडी बुंध्यात आणि मुळात पुन्हा फुटायला पुरेसा साठा असतो.

जलपर्णीसाठी निओकेटिना जातीचे दोन सोंडे १९८० च्या दशकात भारतात आले. प्रौढ सोंडा पानांवर लहान चौकोनी खरवडी करतो, अळी देठ पोखरत बुंध्यात जाते आणि कोष पाण्याखाली मुळांवर होतो. बेंगळुरूच्या परिसरातील तलावांत त्यांनी काही वर्षांत जलपर्णी आटोक्यात आणली. आपल्या शहरांजवळच्या नद्यांत दोन गोष्टी आड येतात. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदामुळे जलपर्णी सोंड्याच्या खाण्यापेक्षा वेगाने वाढते, आणि दर उन्हाळ्यात यंत्राने सगळी जलपर्णी काढून काठावर टाकली जाते तेव्हा तिच्यातले सोंडे, अळ्या, कोष सगळे उन्हात वाळतात. पावसाळ्यात पुरात उरलेसुरलेही वाहून जातात. यंत्र लावायचेच असेल तर संथ पाण्याच्या एखाद्या कोपऱ्यात सोंडे लागलेल्या जलपर्णीचा एक पट्टा बांबूच्या तराफ्याने अडवून राखावा, आणि नव्याने पसरणाऱ्या जलपर्णीत तिथली खाल्लेली रोपे उचलून टाकावीत.